देवमनचं पाकीट

शेषराव गुरुजींनी हे सगळं आयुष्यात एकदाच सांगितलं.

रिठद गावच्या शाळेतला हा साधा मास्तर. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून भूत हा शब्दही घरात चालत नसे. असा माणूस खोटं कशाला सांगेल?

चार सप्टेंबर १९७८. सोमवार. भर दुपार.

नथ्थू पोस्टमन दारात आला. पाकीट पुढं केलं आणि मान खाली घातली.

"गुरुजी... देवमनचं हाये."

देवमन म्हणजे गुरुजींचा धाकटा भाऊ. मुंबईत एका मोठ्या कंप्युटरवर नोकरीला होता.

आणि सतराच दिवसांपूर्वी, काविळीनं गेलेल्या त्या भावाच्या चितेला गुरुजींनी स्वतः अग्नी दिला होता.

आत लांबरुंद कागद. इंग्रजी अक्षरं, पण भाषा घरचीच. 'माय, मी बरा आहे. जेवन टायमावर करतो. दादाले सांग, काळजी नोको करू. उन्हाळ्यात येतो.'

गुरुजींना आठवलं. मागच्या सुट्टीत देवमन हसत सांगत होता, "दादा, मले पत्राचा कंटाळा. म्हनून मशीनले हुकूम लिहून ठेवले, ओळीखाली ओळ. ते काम पाठीमागं चालू राह्यते, कोनाले दिसत नाही. मी उठून घरी गेलो तरी चालू. बंद पडलं तर मशीनच त्याले पुन्हा उठवते. एक तारखेले पत्र छापते, गोविंदसिंग पोस्टात टाकते."

गोविंदसिंग धनज गावचा. देवमनसोबत तिथंच कामाला. त्याचंही पत्र मागोमाग आलं, 'बंद करून टाकू का?'

गुरुजींच्या आईनं, भागिरथामायनं, तो कागद छातीशी धरला होता.

"नोको रे शेषराव. तेवढं तरी येऊ दे माह्या लेकराचं."

गुरुजींनी लिहून टाकलं... राहू द्या.

ऑक्टोबर, नोव्हेंबर. तेच शब्द. माय ऐकायची आणि पदर डोळ्याला लावायची.

डिसेंबरच्या पत्रात एक ओळ जास्त होती.

'माय, तुहा खोकला लय वाढला.'

मायला खोकला लागून आठच दिवस झाले होते. मुंबईला कुणी कळवलं नव्हतं...

गुरुजींनी ती ओळ मायला वाचून दाखवली नाही.

जानेवारीच्या कागदावर मायचं नावच नव्हतं.

'दादा, मी थकलो. मले बंद कर.'

गुरुजी त्याच दिवशी मुंबईला निघाले.

गोविंदसिंगचा चेहरा पार उतरला होता. "गुरुजी, ती खोकल्याची ओळ पाहून म्या दोनदा पुसलं ते. सांगाची हिंमत नाही झाली. पुसलं की पुन्हा उभं राह्यते. आता तर त्याची एक ओळ बी मशीनमंधी सापडत नाही... तरी छापते."

दोघं त्या थंडगार खोलीत गेले. गोविंदसिंगनं काय काय चालू आहे ते दाखवायचा हुकूम दिला. मशीनला जोडलेल्या टाइपरायटरनं उत्तर छापलं, काहीच चालू नाही.

मग वरिष्ठांच्या परवानगीनं सगळं मशीनच थांबवलं. पंखे थांबले. खोली मुकी झाली.

गुरुजींनी हात जोडले. "देवमन, झोप बाबा आता."

...खट्.

खट्. खट्. खट्.

विजेची तार भिंतीपासून काढलेली होती. तरी टाइपरायटर सावकाश एकेक अक्षर उमटवत होता.

'दादा, पुन्हा उठवलं मले.'

"कोन? कोन उठवते तुले?" गुरुजी ओरडले.



गोविंदसिंगनं नोकरी सोडली. जूनमध्ये ते जुनं मशीन मोडीत निघालं. त्याचे तुकडे ट्रकमध्ये भरताना त्यानं स्वतः पाहिले, तसं कळवलं. त्या रात्री गुरुजी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

जुलैच्या चार तारखेला नथ्थू दारात उभा होता.

पाकिटावर तिकीट नव्हतं. कुठल्याच पोस्टाचा शिक्का नव्हता.

"कुठून आलं रे हे?"

"काय सांगू गुरुजी... थैलीत होतं."

'दादा, गोविंदसिंगनं इचारलं तवाच बंद केलं असतं तं सुटलो असतो.'

गुरुजी ओटीवरच बसले. आता बंद करायला मशीनही उरलं नव्हतं. कुणाकडे जायचं? कुणाला सांगायचं?

त्या हिवाळ्यात माय गेली. शेवटपर्यंत विचारत होती, "देवमनचं आलं काय?" गुरुजींनी तिला जुनंच पत्र वाचून दाखवलं. उन्हाळ्यात येतो म्हणालेलं.

पुढच्या महिन्यात पाकीट आलं. गुरुजींना ते फोडायचं नव्हतं. दोन दिवस ते तसंच फळीवर पडून होतं. तिसऱ्या दिवशी फोडलं.

एकच ओळ होती.

'दादा... माय इथं आली. तिले बी झोपू देऊन नाही राह्यले.'