वऱ्हाड अजून परतलं नाही

यातलं काहीही रचलेलं नाही.

त्या दिवशी गितल आत्यासोबत हॉलमध्ये जी माणसं होती, त्यांतली काही पुढे इस्रायलला गेली, काही आमच्यासारखी अर्जेंटिनाला. एकमेकांची तोंडंही पुन्हा पाहिली नाहीत. तरी विचारलं की सगळे हेच सांगायचे.

साल सत्तेचाळीस. पोलंडमधलं लोड्झ शहर.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

चित्र

युद्ध संपलं होतं. वाचलेली ज्यू माणसं जमून आपल्या यिडिश बोलीत बोलपट काढत होती. गितल त्यात नवरी होती. पोरकी नवरी. त्यासाठी तिला अभिनय करावा लागत नव्हता.

तिचे वडील कोपल. जर्मनांनी तारांचं कुंपण घालून ज्यूंना कोंडलं, त्या वस्तीत ते रस्त्यावर गायचे. जर्मनांवर आणि त्यांच्या हुजऱ्यांवर टोमण्यांची गाणी. लोक हसायचे, तेवढाच घास पोटात गेल्यासारखं वाटायचं.

एक दिवस गर्दीतून कोणीतरी बोट दाखवलं.

कोपलना लॉरीत टाकलं. ती लॉरी जिथे गेली तिथून कोणी परत आलं नाही.

बोट कोणाचं होतं?

गितलला बोलपट नको होता, नाव नको होतं. तिला ते बोट हवं होतं.

आमच्यात पोरकी मुलगी लग्नाआधी स्मशानात जाते. आईवडिलांच्या कबरीशी उभं राहून त्यांना आमंत्रण देते. दिग्दर्शक पिंखसला तो प्रसंग हवाच होता.

कपडेपट सांभाळणारी त्सिर्ल काकू गितलचा पदर टाचता टाचता म्हणाली, "खोटं नाव घे गं. लग्न खोटं, नवरा खोटा, त्याची दाढी तर मीच चिकटवते. मग आमंत्रणच कशाला खरं?"

"बरं काकू."

"आणि एकालाच बोलव. तिकडे फार गर्दी आहे. सगळे आले तर बसवशील कुठे?"

कोपलना कबरच नव्हती. म्हणून गितल स्मशानाच्या भिंतीपुढे उभी राहिली. पायाशी रिकामे खड्डे होते. जर्मनांनी शेवटच्या ज्यूंसाठी, त्यांच्याच हातून खणून घेतलेले. भरायला वेळ मिळाला नव्हता.

कॅमेरा सुरू झाला.

"बाबा," गितल म्हणाली. "अव्रमचे पुत्र कोपल. उद्या माझं लग्न आहे. या. आणि लॉरीत तुमच्यासोबत जे जे होते... त्यांनाही घेऊन या."

पिंखस खूश झाला. त्सिर्ल काकू अशुभ टळावं म्हणून तीनदा थुंकली.

आवाज घेणाऱ्या हेर्शने कानावरून हेडफोन काढले.

"आत्ता कोण म्हणालं, 'येतो'?"

कोणीच काही म्हणालं नव्हतं...

आवाज

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत लग्न मांडलं. टेबलं, मेणबत्त्या, हेरिंग मासा, मधाचा केक. पाहुणे म्हणून गावातलीच वाचलेली माणसं. दार आतून बंद, बाहेरचा गोंगाट नको म्हणून.

लग्नात नवरीला रडवणारा आणि पाहुण्यांना हसवणारा भाट असतो. ते काम शायेकडे होतं. गोरा, गोड गळ्याचा.

"शाये, तू कुठल्या कॅम्पात होतास?" कोणीतरी विचारलं.

"मी? मी आधीच रशियात पळालो होतो, ताश्कंदला खरबुजं खात होतो."

"तरीच पोट सुटलंय."

सगळे हसले. गितलही.

हेर्श मात्र हसला नाही. त्याने हेडफोन दाबून धरले. हॉलमध्ये पाहुणे खुर्च्यांवर बसलेले. आणि कानात... पावलं. आत येणारी. एकामागून एक. थांबतच नव्हती.

"पिंखस, कोण चालतंय?"

"कोणी नाही. आवाज घे."

मेणबत्त्यांच्या ज्योती एका बाजूला झुकल्या.

खिडक्या बंद होत्या...

सगळ्या ज्योती शायेकडे झुकल्या होत्या.

शायेने तोंड उघडलं. नवरीला रडवायचं गाणं होतं. पण आवाज त्याचा नव्हता. जुना, खरबरीत, उपाशी आवाज.

गितलने तो ओळखला.

*पाव कोणी खाल्ला रे, पाव कोणी खाल्ला?*
*बोट ज्याने दाखवलं, त्याच्या पोटी गेला.*

हे कडवं वस्तीत सगळ्यांना पाठ होतं. दोन-तीन पाहुण्यांचे ओठही हलले.

मग पुढचं आलं. ते कोणीच ऐकलं नव्हतं. ते लॉरीतच रचलं असणार.

*बेयनिशच्या शाये रे, दाखव तुझं बोट,*
*माझ्या गळ्याच्या मोलात भरलं तुझं पोट.*

शायेने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

गाणं चालूच राहिलं.

"गितल, मला थांबव," त्याचे डोळे सांगत होते. ती खुर्चीत बसून राहिली. नवरीने उठायचं नसतं.

मग नाच सुरू झाला. कोणी सुरू केला नाही. शायेचे दोन्ही हात ताणले गेले, कोणीतरी धरल्यासारखे. तो गोल फिरू लागला. फरशीवर शेकडो टाचा आपटत होत्या. पाहुणे भिंतीला चिकटून उभे होते.

दिवे गेले.

दिवे आले.

दाराची कडी आतून तशीच. शाये नव्हता.

गितल खिडकीशी गेली. रस्त्यावर चिखल होता. त्यात पावलं उमटत होती... गोल गोल, स्मशानाच्या दिशेने. पावलांवर माणूस एकही नव्हता.

शाये त्या खड्ड्यांतल्या एकात सापडला. बुटांचे तळ झिजून गेले होते, तळव्यांची कातडीही. उजव्या हाताचं बोट स्वतःच्या छातीकडे रोखलेलं. पुरणाऱ्यांना ते वाकवता आलं नाही.

न घेतलेला प्रसंग

लग्न आटोपलं की वाजंत्री निरोपाची चाल वाजवतात. ती ऐकली की पाहुणे आपापल्या घरी जातात. तो प्रसंग दुसऱ्या दिवशी घ्यायचा होता. पिंखसने बोलपटच बंद केला.

त्सिर्ल काकू गितलच्या पाया पडायला आली. "पोरी, ती चाल नुसती गुणगुण. तू बोलावलंस, तूच पाठव. त्यांना जाऊ दे."

गितल डोक्यावरचा नवरीचा पदर घडी घालत होती.

"काकू, शाये काय एकटाच होता?"

पुढे ब्युनोस आयर्सला एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी आली. खोट्या नावाने राहणारा एक जर्मन म्हातारा त्याच्याच बागेतल्या खड्ड्यात मेलेला आढळला. बुटांना तळ नव्हते.

आत्याने साखरेचा खडा दातांत धरला आणि चहाचा घोट घेतला.

"वऱ्हाडाने समुद्रही ओलांडला म्हणायचा," ती म्हणाली.

आता आत्या नाही. निरोपाची ती चाल घरात सगळ्यांना येते. कोणी म्हणत नाही.

परवा भाचीच्या लग्नात नव्या व्हायोलिनवाल्याने शेवटी सहज ती छेडली. आम्ही भावंडं धावलो आणि त्याचा हात धरला.

त्याच्या मनगटावर जितके हात होते...

तितके आम्ही नव्हतो.