एलिसेओचे केस

पिल्सेन या मेक्सिकन स्थलांतरितांच्या वस्तीतली भिंतीवरची चित्रं उन्हाने फिकटतात आणि बर्फाने पोपडे धरतात. त्यांची डागडुजी हे माझं काम. रसायनशास्त्र शिकले ते इथेच उपयोगी पडलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बेकरीमागच्या भिंतीपाशी गेले, तेव्हा दोन्या होविता, म्हणजे आमच्या होविताबाई, समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. भिंतीवर त्यांचा मुलगा एलिसेओ, एकोणीस वर्षांचा. मेक्सिकोहून आईकडे यायला निघाला आणि सीमेजवळच्या वाळवंटात बेपत्ता झाला, त्याला आता वीसेक वर्षं झाली.

“पोरी, कानाजवळ बघ.”

कानाजवळ पांढरे केस होते. डोळ्यांपाशी बारीक सुरकुत्या.

“कुणीतरी रंगवलेत,” मी म्हणाले.

“शिडी लावून माझ्या पोराला म्हातारा करतंय? लोकांना कामधंदा नाही का?”

मी चढून भिंग लावलं. वॉर्निशचा जुना थर कुठेही फुटला नव्हता. पांढरा रंग त्याच्या खाली होता.

बेकरीवाली चेलो हात पुसत बाहेर आली. “दोन्या, येत्या सणाला तरी त्याचा फोटो घरातल्या गेलेल्यांच्या रांगेत मांडा. त्या दिवशी सगळे आत्मे घरी येतात. त्याला कोण बोलावणार?”

“मेलेल्यांचे केस पिकतात का गं? जा, तुझे पाव जळतायत.”

चेलोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंग पुसत राहिले.

मग मी रोज जाऊ लागले. दुपारचं ऊन भिंतीवरून सावकाश उतरायचं. झेंडूचा आणि भाजलेल्या मक्याचा वास रेंगाळायचा. दोन्या होविता मुलाला गल्लीतल्या बातम्या सांगायच्या. ऐकता ऐकता माझे डोळे जड व्हायचे. एकदा निघताना मीही त्याला ‘येते’ म्हणाले. त्याच्या मिशीतही तोवर एक पांढरी रेघ उतरली होती.

सणाच्या सकाळी खुर्ची रिकामी होती. दोन्या भिंतीला कपाळ टेकून उभ्या होत्या.

“बघ.”

केस काळे होते.

सगळे.

सुरकुत्या नव्हत्या. वॉर्निश अखंड होतं.

“एकही पिकलेला नाही,” त्या म्हणाल्या. “आता पिकायचेही नाहीत.”

मी भिंग पिशवीत ठेवलं.

“चेलोला सांग, एक पाव त्याच्यासाठी ठेव म्हणावं. फोटो मांडते मी.”

घरी न्यायला मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बोटांना काही खरखरीत लागलं.

तांबडी वाळू. त्या थंडीत ती अजून कोमट होती.