एकाच शब्दाचं घर

चहाचा घोट घेऊन शेट्ये सर म्हणाले, “नाइस.” त्यांच्या कानामागच्या बटणाएवढ्या यंत्राचा दिवा लुकलुकला आणि टेबलावरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : चोखंदळ.

“म्हणजे काय गं?” सरांच्या पत्नी कुमुदताईंनी विचारलं.

“म्हणजे चहा पसंत नाही, मावशी,” तंझिला हसली.

तंझिला मुकादम वाचोपचारतज्ज्ञ होती, सरांची जुनी विद्यार्थिनी. ‘अर्थवेधी’ नावाचं हे यंत्र घेऊन ती आजच देवरुखला आली होती. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्यानंतर सरांकडे ‘नाइस’ हा एकच शब्द उरला होता. यंत्र तो शब्द ऐकत नव्हतं. बोलताना मेंदूत कोणता अर्थ जागा होतो, ते वाचत होतं.

“पण नाइस म्हणजे छानच ना?”

“आता छान. मुळात लॅटिनमध्ये ‘न जाणणारा’. पुढे इंग्रजीत मूर्ख, लाजरा, चोखंदळ असं होत होत छान. सरांनीच शिकवलं होतं आम्हाला नववीत. ते सगळे अर्थ शाबूत आहेत त्यांच्याकडे.”

कुमुदताई हरखल्या. खुर्ची ओढून सरांसमोर बसल्या आणि रोजचा प्रश्न विचारला, “अहो, मी कोण?”

“नाइस,” सर नेहमीसारखे गोड हसले.

पडद्यावर आलं : न जाणणारा.

तंझिलानं घाईनं पडदा पालथा घातला. “मावशी, यंत्र नवीन आहे, कधी कधी...”

“चुकलंय का ते?”

तंझिलानं नकारार्थी मान हलवली.

दोन वर्षं रोज या उत्तरावर कुमुदताईंचा दिवस उजाडला होता. त्या मोरीशी जाऊन तोंड धुऊन आल्या. पडदा स्वतःच उलटा करून पुन्हा समोर बसल्या.

“मी कुमुद,” त्या म्हणाल्या. “इथंच राहते. तुम्हाला इंग्रजी छान येतं, असं ऐकलंय.”

सरांनी मान खाली घातली. शर्टाचं वरचं बटण चाचपलं, मग बशीतलं उरलेलं बिस्किट हळूच त्यांच्याकडे सरकवलं. “नाइस.”

पडद्यावर आलं : लाजरा.

कुमुदताईंना हसू आलं, डोळेही भरले. “उद्या हे विसरतील?”

“बहुतेक, मावशी. रोज नव्यानं ओळख करून द्यावी लागेल.”

कुमुदताईंनी बिस्किट मोडून अर्धं सरांच्या हातात दिलं.

“मग उद्या कुठली साडी नेसू गं?”