सावडीला आलेल्या बाया

मला वाटलं होतं, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘उद्या आमची ज्वारी काढायला या, सावड करू’ असं टाकलं की निम्मं केम गाव लोटेल. परदेशातून शेती शिकून आले होते. एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबायची ही रीत पुन्हा उभी करायची, हे माझं वेड. आल्या एकट्या चांगुणाकाकू. बाकी सगळे गडी-बाया गावच्या रानांवर उभ्या राहिलेल्या कंपनीत पाळीवर.

त्यात आभाळ भरून आलेलं. ज्वारी भिजून काळी पडली तर रान कंपनीला भाड्यानं द्यायचं, असं मी वडिलांना कबूल करून बसले होते.

दिवस मावळला. धाटं उपटून तळहात सोलले. काकू गुडघे धरून घरी गेल्या. मी चिडून बांधावर उभी राहिले आणि मोकळ्या माळाकडं तोंड करून ओरडले, “सावडीला या होऽऽ!”

वारा पडला. मिसरीचा वास आला. मग खर्र... खर्र... मुळं उपटल्याचा आवाज. एकीचा नव्हे, कितीतरी जणींचा.

“हरिदासची लेक का गं तू?” शेजारून कुजबुज. “हात हायेत का लोण्याचं गोळं?”

दबकं हसू पसरलं. मी मोबाइलचा टॉर्च लावला. समोर नुसती ज्वारी.

“मालव की ते बया... डोळ्यात जातंया.”

मालवला. पुन्हा खर्र... खर्र... माझे दात वाजत होते, तरी हसू आवरत नव्हतं. आपापल्या सासवांची टिंगलच तशी चालली होती त्यांची.

थेंब पडू लागले तशी मी घराकडं पळाले. पाठीमागून आवाज आला, “मी बजाबाई गं... उद्या रावजीच्या रानात सावड फेडायची. चुकायचं न्हाय...”

सकाळी अख्खं रान निघालेलं. पेंढ्या रचलेल्या, वर ताडपत्री ओढलेली, आत दाणा न् दाणा कोरडा.

काकूंना विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. “रावजीचं रान कंपनीच्या शेडखाली गेलं की. आन् बजाबाई माझी आजेसासू. कवाच वारली. जाऊ नगंस पोरी.”

पण सावड घेतली की फेडायची. हेच तर मी गावाला सांगत सुटले होते. तळहातांना फडकी गुंडाळली आणि निघाले.

फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, “कुणाकडं?”

“रावजींच्या रानात. सावडीला.”

तो हसेल, असं वाटलं. त्यानं फाटक उघडलं.

“बिगीबिगी जावा मॅडम. बाया कवाच्या आल्यात.”