घोरप्याचं कूळ

घोरप्याला उद्या भट्टीत वितळवणार होते. का, तर त्यानं दार मोडलं म्हणून! वा रे वा! हवेच्या नळीत मांजरीचं पिल्लू अडकलं होतं, त्याला काय ते बंद दार बाहेर काढणार होतं?

घोरप्या म्हणजे आमच्या चंद्रवसाहतीतला नळ्या साफ करणारा यंत्रमानव. घोरपडीसारखा भिंतीला चिकटून चढतो. पिल्लाचं ओरडणं ऐकून तो धावला, पण नळीकडे जाणारं दार त्याच्यासाठी उघडलंच नाही. असं का?

"ते दार एकच विचारतं," कुंदा आत्या म्हणाली. वसाहतीचे प्रोग्राम तीच लिहिते. "तू बचावक यंत्रमानवांच्या कुळातला का? पहिल्या बचावकाचा आराखडा एकदाच लिहिला. पुढच्यांना त्यातलं सगळं आपोआप मिळतं. याला इनहेरिटन्स (वारसा) म्हणतात."

"मग घोरप्यालाही त्याच कुळात घाल!"

मी हट्ट करून तसं करून घेतलं. आणि घोरप्या जागच्या जागी थरथरत बसला. बचावक चाकांवर पळतात. 'चाल' म्हटलं की चाकं फिरवायची, हे त्याला वारशात मिळालं. चाकं मात्र नव्हती! मला रडूच आलं.

आत्यानं ते सगळं पुसलं. "वारसा घेतला की नको तेही गळ्यात पडतं. आपण इंटरफेस (कामांचा करार) लिहू. शोधेन, उचलेन, सुखरूप आणेन. कसं, ते ज्याचं त्यानं बघावं. आणि दारानंही कूळ नाही, करार विचारायचा."

सकाळी बचावदलाचे प्रमुख डोंगरे साहेब भट्टीची गाडी घेऊन आले. मी गाडीला आडवी उभी राहिले. "आधी परीक्षा घ्या."

"याची? अगं, पिल्लू नशिबानं सापडलं. याचं कूळ सफाईवाल्यांचं!"

माझं डोकंच फिरलं. "ऋषीचं कूळ नि नदीचं मूळ विचारू नये, असं तुम्ही मोठी माणसंच आम्हाला शिकवता ना? मग काम विचारा की!"

साहेबांनी आपली टोपी उंचावरच्या नळीत टाकायला लावली. आधी त्यांचा बचावक गेला. त्याची चाकं उभ्या भिंतीखाली नुसती गरगरत राहिली.

घोरप्या दुरुस्त केलेल्या दारापुढे उभा राहिला.

"करार पाळतोस?" दारानं विचारलं.

"पाळतो."

दार उघडलं. तो सरसर चढला आणि टोपी तोंडात धरून खाली आला.

साहेबांनी टोपी झटकून डोक्यावर घातली, गाडी रिकामीच परत पाठवली.

वसाहतीत अजून चाळीस दारं कूळ विचारतात. मी आत्याला सांगून ठेवलंय, एकही सोडायचं नाही.