उजवी बाजू

मेडल लावायचा नियम सोपा आहे. आपली स्वतःची डाव्या छातीवर, गेलेल्या माणसाची त्याच्या घरच्यांनी उजव्या. पलटणीत हे लहानथोर सगळ्यांना पाठ असतं.

माझी दोन. एक नऊ वर्षं नोकरी झाल्याचं, दुसरं बर्फाच्या डोंगरावर राहिल्याचं. दोन्ही हजारोंना मिळतात. अण्णाचं एकच, पण सेना मेडल. लाल फितीवर मधोमध पांढरी रेघ. माझा थोरला भाऊ मंजुनाथ काश्मीरच्या चकमकीत गेला आणि ते अव्वाच्या, म्हणजे आमच्या आईच्या, हाती आलं. दर वर्षी माजी सैनिकांच्या मेळाव्याआधी आमची अव्वा ते पदराच्या टोकानं पुसायची, फुंकर मारून पुन्हा पुसायची आणि स्वतःच्या उजव्या खांद्याखाली लावायची. माझी दोन तिथंच टेबलावर असायची. त्यांना तिनं कधी बोट लावलं नाही. खरं सांगतो, मेलेल्या भावावर मी जळायचो. तिनं एकदा, एकदाच, माझी पुसावीत एवढंच मला हवं होतं.

या वर्षी तिचे गुडघे धरले होते. केलगेरीच्या घरात पलंगावर बसूनच तिनं मेडल पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"तूच लाव. उजवीकडं. इसरू नको."

मी तिच्यासमोर तसंच लावलं. रायापूरला मेळाव्याच्या हॉलबाहेर स्कूटर उभी केली, आसपास कुणी नाही असं बघितलं आणि ते काढून डावीकडे, माझ्या दोन्हींच्या आधी लावलं. शौर्याचं मेडल आधी येतं. ब्लेझरची ती बाजू एकदम जड झाली. एक दिवसापुरतं, मी मनाशी म्हटलं. अण्णाला काय कळतंय.

आत शिरताच माना वळल्या. एका निवृत्त कॅप्टनसाहेबांनी "बर्री, या या मंजुनाथ," म्हणत पुढची खुर्ची दिली. मला गुदगुल्या झाल्या. नाव मेडलच्या कडेवर कोरलेलं असतं, तिथून वाचलं असेल, असं मी धरून चाललो. पण ती अक्षरं इतकी बारीक असतात, की मला चष्मा लावूनही ती खिडकीशी धरावी लागतात.

मग वादिराज चहा घेऊन आला. पलटणीत आमच्या खाटा शेजारी होत्या. शिवी घातल्याशिवाय तो माझ्याशी बोलत नसे. त्यानं कप ठेवला आणि हात जोडले. माझ्या उजव्या छातीकडे बघत हळूच म्हणाला, "नागेशची न्हवं ही?"

मी खाली पाहिलं. माझी दोन्ही मेडलं उजवीकडे होती.

मी त्यांना हात लावला नव्हता. डावीकडच्या कापडावर, जिथं ती सकाळी लावली होती तिथं, टाचणीचं भोकसुद्धा नव्हतं.

"अरे, मीच नागेश," मी म्हणालो.

तो ओशाळून हसला. "दिसता तसेच, अण्णा. पन तो लई साधा होता."

होता.

मी टाचण्या उघडू लागलो. उघडेनात. कार्यक्रम सोडून घरी निघालो. भर दुपारचं ऊन होतं, तरी स्कूटरच्या मुठीवर माझी बोटं गार पडली होती.

अव्वा पलंगावर तशीच बसली होती.

"आलास मंजू?"

तिनं मला जवळ ओढलं, वाकायला लावलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नागेश जित्ता असताना म्या ह्यास्नी कधी हात लावला न्हाई रे. आता लई लागतंय जिवाला."

तिनं उजवीकडचं एक पुसलं. फुंकर मारली. पुन्हा पुसलं. मग दुसरं. तिचे डोळे भरून आले होते.

एवढ्यासाठीच मी जन्मभर जळलो होतो.

डावीकडच्या सेना मेडलकडे तिनं पाहिलंही नाही.

मला नागेशचा राग आला.