टेम्पोचा प्लग कोणी काढला?

"उतरा, उतरा! सगळे खाली!" चंद्रावतीआत्या ओरडली.

निडी स्टेशन नुकतंच मागे पडलं होतं. आत्याचा नवा कोरा, हिरवा, विजेवरचा टेम्पो हळू हळू हळू होत गेला आणि रस्त्याच्या कडेला चक्क गप्प उभा राहिला. मागे पेंढ्यात बसवलेले अकरा गणपती आणि त्यांना धरून बसलेली तीन पोरं! तेरा वर्षांची निशिगंधा, आत्याचा मुलगा आदेश आणि दोघांची मैत्रीण मनस्वी.

"आई, बॅटरी शून्य!" आदेश काट्याकडे बघून म्हणाला. "आठवड्यात दुसऱ्यांदा! आता गणपतीच उतरून ढकलतील!"

"तू ढकल आधी!"

तेवढ्यात मागून खड्-खड्-खड् आवाज आला आणि धुराचा ढग सोडत काळुरामकाकांचा डिझेल टेम्पो येऊन थांबला. काळुरामकाका म्हणजे मनस्वीचे बाबा.

"काय गो चंद्रावती, बसली काय तुझी बाय?" काका हसले. "माझ्या टेम्पोतलं डिझेल संपलं तर मी बाटलीतनं आणतो. तुझीला बाटलीतनं वीज पाजणार काय?"

"हसा, हसा! तुमचा टेम्पो एका दिवसात जेवढ्याचं डिझेल पितो ना, तेवढ्यात माझा आठवडा जातो. ऑइल नाय, फिल्टर नाय, महिन्याला गॅरेजची वारी नाय!"

"पन पोचत पन नाय!"

काकांनी एकेक गणपती उचलून आपल्या टेम्पोत ठेवला, स्वतःच्या अंगावरचा टॉवेल काढून एका मूर्तीच्या सोंडेखाली सारला आणि रोह्याला निघून गेले. आत्या समोरच्या घरी प्लगची परवानगी मागायला गेली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

आणि निशिगंधाच्या डोक्यात ट्यूब पेटली! टेम्पो बंद पडला की काळुरामकाका मागे हजर. दोन्ही वेळा! कसे काय?

पेणच्या अमोलशेठच्या गणपतीच्या कारखान्यात आत्याला आठ दिवसांची परीक्षा होती. सकाळी आसपासच्या गावांतून कच्च्या मूर्ती आणायच्या, अकरा ते तीन टेम्पो अंगणात चार्जिंगला लावायचा आणि मग रोह्याच्या व्यापाऱ्याकडे मूर्ती पोचवायच्या. आठ दिवस जमलं तर अख्ख्या हंगामाचं काम आत्याचं. नाही जमलं तर काळुरामकाकांचं! आणि टेम्पो दुपारभर प्लगला लावूनही अर्ध्याच्या वर भरायचाच नाही. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, बॅटरी ठणठणीत आहे. मग?

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला निशिगंधा पाणी प्यायला अंगणात आली आणि जागच्या जागी थबकली. काळुरामकाका बोर्डापाशी वाकलेले. हातात चार्जरचा प्लग!

निशिगंधानं यंदा वक्तृत्वात तालुक्यात पहिला नंबर काढला होता. तेव्हापासून तिचा आवाज कारखान्याच्या पत्र्यांनाही ऐकू जायचा.

"काळुरामकाका! पकडलं तुम्हाला! तुम्हीच प्लग काढता! आत्याचं काम तुम्हाला हवंय म्हणून!"

जेवून आडवे झालेले कारागीर दचकून उठले. अमोलशेठ बाहेर आले. निशिगंधाचे बाबा, दिनानाथ, कुंचला हातात घेऊन दारात आले. सगळे काकांकडे बघायला लागले.

"पडला व्हता. लावला," काका एवढंच म्हणाले. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं आणि प्लग बसवून खाली मान घालून निघून गेले.

मनस्वीच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते तिनं खाली आपटलं. "माझा बाबा चोर काय गो?" एवढं बोलून तीही गेली.

त्या दिवशी टेम्पो कसाबसा रोह्याला टेकला. "उद्या शेवटचा दिवस," अमोलशेठनी आत्याला बजावलं. "उद्या थांबला तर विषय संपला."

"मला काही पटत नाही," संध्याकाळी आदेश म्हणाला. "प्लग काढणारा माणूस तो हातात धरून फोटोला उभा राहिल्यासारखा राहील का?"

"उद्या व्हिडिओच काढते! मग पटेल?"

"मी पन येनार," मागून मनस्वीचा आवाज आला. ती निशिगंधाकडे बघतसुद्धा नव्हती. "माझ्या बाबाचं नाव साफ करायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तिघं प्लास्टिकनं झाकलेल्या मोठ्या मूर्तींच्या मागे दडून बसली. समोरच्या उघड्या खिडकीतून अंगण दिसत होतं आणि चार्जरचा पंखा घूंऽऽ करत होता. कारागीर घोरत होते. निशिगंधाचा मोबाईल तयार!

पावलं वाजली. पण अंगणातून नाही, आतल्या बाजूनं. आले ते बाबा! ते मूर्तींच्या रांगेपुढे मांडी घालून बसले. आखणीची वेळ झाली होती. गणपतीचे डोळे या कारखान्यात फक्त तेच आखायचे. त्या वेळी कुणी खोकायचंसुद्धा नाही, छताचा पंखाही बंद, असा नियमच होता. केसाएवढी रेघ हलली की अख्खी मूर्ती वाया!

बाबांनी कुंचला टेकवला. चार्जर घूंऽऽ. बाबांनी कुंचला उचलला, कपाळाला आठी घातली, उठले, अंगणात गेले आणि... प्लग उपटून खाली सोडून दिला. अगदी सहज, पंख्याचं बटण बंद करावं तसा!

निशिगंधानं मोबाईल खाली घेतला. काल ती सगळ्यांसमोर काळुरामकाकांवर ओरडत होती तेव्हा बाबा दारात उभे होते. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते गप्प राहिले होते! आणि काकांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी दाराकडे बघितलं! पोरीसमोर तिच्या बापाचं नाव घ्यायला नको म्हणून ते मान खाली घालून गेले.

जमीन फाटावी आणि मोबाईलसकट आत जावं असं तिला वाटलं. शेजारी मनस्वी होती. तिच्याकडे बघायची हिंमतच होईना.

"व्हिडिओ पुसून टाकू का?" आदेश कानात कुजबुजला.

"नको," ती कशीबशी म्हणाली. "पण आधी टेम्पो. किती झालंय चार्जिंग?"

"पन्नाससुद्धा नसेल! आत्ता मामाला हाक मारली तर?"

हाक कशी मारणार? कुंचला डोळ्यावर होता! आणि आखणी संपायची वाट बघितली तर तीन वाजणार.

मनस्वीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "आमच्या पडवीत पाण्याच्या पंपाचा मोठा प्लग हाय. शेजारीच. टेम्पो तिथं न्यायचा."

"तुझ्या घरची वीज?" निशिगंधानं विचारलं. "कालच्यानंतर?"

"चंद्रावतीकाकूसाठी. तुझ्यासाठी नाय."

तिघं मागच्या दारानं सटकली. आदेशनं चार्जर उचलला, निशिगंधानं ब्रेक सोडला आणि तिघांनी खांदे लावले. डिझेलचा टेम्पो असता तर चालू करताच अख्खी आळी जागी झाली असती. हा चालू करण्याचीही गरज नव्हती! रिकामा टेम्पो मांजरासारखा अंगणाबाहेर निघाला. वळणावर एक चाक गटाराच्या कडेला गेलं. "डावीकडे! अरे डावीकडे!" "तेच डावीकडे आहे!" घामाघूम होऊन त्यांनी तो पडवीशी लावला. घूंऽऽ!

तीन वाजता कारखान्यात एकच गोंधळ उडाला. "टेम्पो चोरीला गेला!" अमोलशेठ ओरडत होते. आत्या डोक्याला हात लावून बसली होती. काळुरामकाका चप्पल घालून शोधायला निघाले होते.

"चोरीला नाही गेला!" निशिगंधा पुढे आली. कालच्याच जागी, कालच्याच आवाजात बोलायचं तिनं ठरवलं होतं. "टेम्पो काळुरामकाकांच्या पडवीत चार्ज होतोय. प्लग त्यांनी कधीच काढला नव्हता. माझ्या बाबांनी काढला, आवाजानं आखणी बिघडते म्हणून. मी बघितलंय. आणि मी... मी न बघता काकांना सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले. काका, माझं चुकलं."

मग आत्यानं बाबांकडे बघितलं. "दादा? तू?"

बाबांची मान वर होत नव्हती. "दोन तास काढला तर काय होतंय असं वाटलं. डिझेल काय टाकीतून उडून जातं? तसंच हे, भरलेली वीज कुठं जातेय, असं वाटलं. आणि काल... काल तोंडच उघडलं नाही माझं. काळुराम, मला माफ कर."

"जाऊ दे रे दिनानाथ," काका म्हणाले. "देवाचे डोळे आखतोस तू. आवाज नको व्हता तर मला सांगायचंस, लांब वायर ओढून दिली असती." आणि निशिगंधाकडे वळून म्हणाले, "मी प्लग परत लावायचो, तरी चार्जिंग कमीच पडायचं. मागं यायचो ते चंद्रावती मूर्ती घेऊन रस्त्यात अडकू नये म्हनून गो, पोरी."

हे ऐकून निशिगंधाला रडूच फुटलं.

साडेचारला टेम्पो नव्वद टक्के भरून, मूर्ती आणि तिन्ही पोरं घेऊन निघाला. निडी गेलं, रोहा आलं, आणि काट्यावर अजून पस्तीस शिल्लक! मागून काळुरामकाका आलेच होते, आणि त्यांच्या शेजारी अमोलशेठ.

"शाबास, पोरांनो! डोकं चालवलंत!" अमोलशेठ खाली उतरून म्हणाले. "चंद्रावती, रोह्याचा हंगाम तुझा. पुण्या-नाशिकचा लांबचा माल काळुराम नेईल. आणि चार्जर उद्यापासून काळुरामच्या पडवीत, विजेचं बिल माझ्याकडे!"

"मोठ्यानं आळ घेतलास, तसाच मोठ्यानं मागं पन घेतलास," काळुरामकाका निशिगंधाला म्हणाले. "आमाला मोठ्यांना पन जमत नाय ते."

आदेशनं उडी मारून टाळी मागितली. निशिगंधाचा हात काही वर गेला नाही. शाबासकी अंगाला टोचत होती. ती मुकाट्यानं मूर्तीभोवतीचा पेंढा काढायला लागली.

मूर्तीच्या पलीकडे मनस्वी उभी होती. बराच वेळ तीही पेंढाच काढत राहिली.

"ही बाजू धर," ती शेवटी म्हणाली. "एकटीला जड हाय."

"मनस्वी, मी खरंच..."

"आज नाय. आज मला राग हाय. उद्या बोलू." तिनं मूर्तीखाली हात घातले. "आता उचल."

निशिगंधानं खाली वाकून हात घातले आणि दोघींनी मिळून गणपती उचलला.